मी अनुभवलेला कार्यक्रम : बाबांसोबत ऐकलेला वाद्यवृंद



सातवीच्या मुलांना मी दरवर्षी 'मी अनुभवलेला कार्यक्रम' हा निबंध देते, आणि दरवर्षी वह्यांमध्ये तेच तीन कार्यक्रम येतात. गणेशोत्सव, स्नेहसंमेलन आणि मामाचं लग्न. गेल्या वर्षी म्हटलं, जरा वेगळं उदाहरण देऊ, म्हणून फळ्यावर 'वाद्यवृंद' असा शब्द लिहिला. लगेच एका मुलीचा हात वर.

"मॅडम, वाद्यवृंद म्हणजे ऑर्केस्ट्रा ना? आमच्या मंडळात असतो. एक काका किशोरकुमारसारखं गातात."

वर्ग हसला, मीही हसले. मग तिनेच विचारलं, "तुम्ही दुसरा कुठला ऐकलाय का?"

ऐकलाय. काही वर्षांपूर्वी, एकदाच, माझ्या बाबांबरोबर. "मग या वेळी तुम्हीच लिहा ना निबंध," ती म्हणाली. मुलांसाठी लिहायला बसले खरी, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की यातला अर्धा भाग तुमच्याशी बोलायचा आहे. म्हणून इथे देते आहे.

माझं माहेर चिखलोलीचं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं गाव. रेल्वे गावाजवळून जाते, पण चिखलोलीला स्टेशन होणार, होणार हे आम्ही कित्येक वर्षं ऐकत आलो. माझ्या लहानपणी एका बाजूला शेतं आणि धरण, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. आता शेतांच्या जागी उंच इमारती दिसतात. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते, एकतीस वर्षं. पॉवर प्रेसखाली पत्रा ठेवायचा, पायाने दाबायचं, धाड. दिवसभर तेच. त्या काळी कानाला लावायला काही मिळत नसे. कोणी कापसाचा बोळा घालत, कोणी तोही नाही.

पण बाबांच्या कानाचं कंपनीत कौतुक होतं. मशीन नीट चालत नसलं की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. डॉक्टर छाती तपासतात तसं. "बेअरिंग गेलंय," किंवा "बेअरिंग ठीक आहे, पट्टा सैल आहे." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आणखी एक सांगायला हवं. बाबा गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवत. एकादशीचं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही. निवृत्तीनंतर तर आणखी रंगून जातील असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. हळूहळू जाणं कमी झालं, मग बंद. विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतात." आई म्हणायची, "टीव्हीपुढून उठवत नाही यांना." टीव्हीचा आवाज तर एवढा मोठा की शेजारच्यांनाही बातम्या कळायच्या. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की वय झालंय, माणूस आळशी झालाय, कोणाच्या बोलण्याकडे लक्षच देत नाही.

अशातच आमच्या शाळेतल्या संगीताच्या मॅडमना ताप आला आणि त्यांची दोन तिकिटं माझ्याकडे आली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम. मुलाचा क्लास, घरी पाहुणे, माझ्याबरोबर यायला कोणी मोकळं नव्हतं. बाबांना फोन केला.

"बाबा, येता का? ऑर्केस्ट्रा आहे."

"गाणारं कोण आहे?"

"गाणारं कोणी नाही."

"मग ऑर्केस्ट्रा कसला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, विनोद सांगणारा निवेदक आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर. पाश्चात्त्य संगीतातला ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ, सत्तर, कधी त्याहून जास्त वादक, समोर त्यांना हाताने खुणा करणारा संचालक, आणि शब्द बहुतेक वेळा नाहीतच. मुंबईला तो नवा नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन मेहता, १९३६ साली मुंबईतच जन्मलेला, पुढे जगप्रसिद्ध संचालक झाला. एनसीपीए ही संस्था १९६९ सालची, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने झालेली. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथेच २००६ साली सुरू झाला.

रविवार होता. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे आपल्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. अंबरनाथहून सीएसएमटी साठ किलोमीटर. आम्ही दुपारी जेवून लगेच निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईने चपाती-भाजीचा डबा दिला होता, तो आम्ही नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसून खाल्ला. मनातून मला धास्ती होती. तिथली माणसं कशी असतील, बाबांना मोठ्याने बोलायची सवय, मध्येच "हे काय चाललंय?" म्हणाले तर?

जमशेद भाभा थिएटर हजाराहून जास्त खुर्च्यांचं आहे. आत शिरल्यावर बाबांनी आधी छताकडे पाहिलं, मग स्टेजच्या दोन्ही कडांना.

"स्पीकर कुठायत?"

"नाहीत बाबा. सगळं असंच ऐकायचं."

"एवढ्या मोठ्या हॉलमध्ये?" त्यांचा चेहरा उतरला. तो का उतरला ते मला तेव्हा कळलं नाही.

वादक येऊन बसले. डावीकडे व्हायोलिनवाले, उजवीकडे चेलो, त्यांच्या मागे माणसाएवढे उंच डबल बास. मधे बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट. मागे पितळी वाद्यं आणि सगळ्यात शेवटी टिंपनी, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यांवर कातडं ताणल्यासारखे ढोल. ओबोवाल्या बाईंनी एक लांब सूर धरला आणि बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्या सुराला लावून घेतली. टिंपनीवाला खाली वाकून कातड्याजवळ कान नेत होता.

"तो बघ," बाबा म्हणाले, "आमच्या मृदुंगवाल्यासारखा. कणीक लावून झाली की तोही असाच कान लावतो." पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मी बाबांचा हात दाबला.

मध्यंतरानंतर बीथोव्हनची पाचवी सिम्फनी होती. सुरुवातीचे चार स्वर तुम्हीही ऐकले असतील, तीन आखूड आणि एक लांब. जाहिरातीत, सिनेमात, कुठेही येतात. पण सत्तर माणसं समोर बसून ते एकदम वाजवतात तेव्हा ते वेगळंच असतं. पहिला भाग संपला आणि बाबांनी दणदणीत टाळी वाजवली. एकट्यांनी. आजूबाजूला शांतता. कारण सिम्फनीचे चार भाग असतात आणि टाळ्या सगळं संपल्यावरच वाजवायच्या, असा आता रिवाज आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर वाचलं की खुद्द बीथोव्हनच्या काळात लोक मधल्या भागांनंतरही खुशाल टाळ्या वाजवायचे. म्हणजे बाबांचं फार चुकलं नव्हतं, दोनशे वर्षं उशीर झाला होता एवढंच.

तिसरा भाग चेलो आणि डबल बास सुरू करतात, अगदी हळू, खर्जात. मला ते जेमतेम ऐकू आलं. बाबा मात्र खुर्चीच्या कडेला सरकले. पुढे हीच जाडी वाद्यं एकदम पळायला लागतात, त्या वेळी बाबांचा तळहात खुर्चीच्या लाकडी हातावर सपाट टेकलेला होता. मशीनवर टेकवायचे तसा. मग सगळं जवळजवळ थांबतं. तंतुवाद्यं एक सूर नुसता धरून ठेवतात आणि त्याच्याखाली टिंपनी बारीक ठोका देत राहते, टक, टक, टक, टक. काहीतरी येणार हे लहान मुलालाही कळेल. आणि न थांबता चौथा भाग फुटतो.

इथे एक गंमत आहे. तीन ट्रॉम्बोनवाले तीन भाग होईपर्यंत वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसून होते. बाबांनी मला मघाशी कोपराने ढोसून दाखवलंही होतं, "त्या तिघांना बसायचा पगार." चौथ्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला ते तिघे वाजले तेव्हा बाबा माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. याच भागात पिकोलोही येतो, म्हणजे जेमतेम दीड वीत लांबीची बासरी. ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात उंच आवाजाचं वाद्य. सत्तर वाद्यांच्या गदारोळातूनही ती शिट्टीसारखी वर निघते आणि माझ्या अंगावर काटा आला.

सगळं संपलं. लोक उभे राहिले. आता टाळ्या वाजवायच्या होत्या, तर बाबा पुढे वाकून स्टेजकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"ती छोटी बासरी वाजत होती का गं? का नुसती तोंडाला लावली होती?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. चालत्या गाडीत बाबा काही बोलले नाहीत. ठाण्याच्या पुढे गाडी सिग्नलला थांबली, पंखेही बंद झाले, आणि त्या शांततेत ते आपणहून बोलायला लागले. खालचे आवाज छान आले म्हणाले, ते मोठे व्हायोलिन तर छातीत वाजत होते. पण बारीक आवाज येत नाहीत. पुष्कळ दिवस झाले. चिमण्या येत नाहीत. कुकरची शिट्टी लांब वाजल्यासारखी येते. आणि टाळ येत नाहीत.

"टाळ दिसतात," ते म्हणाले. "माझ्या हातातलेही दिसतात. मृदुंग ऐकू येतो, पण टाळ नीट येत नाहीत. मग मी मागेपुढे होतो. एकदा पोरं हसली. दुसऱ्यांचं भजन कशाला बिघडवायचं?"

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? बहिरा झालो म्हणून?"

गाडी सुरू झाली आणि बोलणं तिथेच राहिलं. घरी जाऊन मी वाचत बसले. सतत मोठ्या आवाजात काम केलं की आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच आवाज, साधारण चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे. जाड आवाज शिल्लक राहतात, म्हणून माणसाला स्वतःलाही वाटतं की ऐकू तर येतंय. बोलण्यात काय होतं? स्वरांचा आवाज जाड आणि दमदार असतो, तो पोहोचतो. स, श, फ यांच्यासारखी व्यंजनं बारीक आणि कमजोर, ती गळतात. म्हणजे कोणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. आपण म्हणतो, "तुमचं लक्ष नाही."

बीथोव्हनबद्दलही वाचलं. तो बहिरा होता एवढंच मला माहीत होतं. १८०१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, एक पत्र लिहिलं. त्यात तो कळवतो की थोडं लांब बसलं की वाद्यांचे आणि गळ्याचे उंच स्वर आपल्याला ऐकू येत नाहीत, आणि जवळजवळ दोन वर्षं आपण लोकांत मिसळणं टाळलंय, कारण मी बहिरा आहे हे लोकांना सांगणं आपल्याला जमत नाही. पाचवी सिम्फनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती त्यानंतर सात वर्षांनी, २२ डिसेंबर १८०८ रोजी. तो पिकोलो त्याने तेव्हा लिहिलाय.

व्हिएन्नातला तो आणि चिखलोलीतले बाबा, दोघांनीही दोन वर्षं एकच गोष्ट लपवली होती. एकाने मित्राला पत्र लिहिलं. दुसऱ्याने गुडघे पुढे केले.

आता तुमच्याशी बोलायचं ते.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. शेवटून दुसरा बाक. काही विचारलं की आधी "काय मॅडम?" मग बाजूच्याकडे बघायचं, मग उत्तर. श्रुतलेखनात 'साप'चं 'ताप', 'फणस'चं 'पणस'. मी त्याच्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष नसते.' एकदा नाही, तीनदा. पालकसभेत त्याच्या आईलाही तेच सांगितलं होतं, आणि तिने घरी नेऊन त्याला मारलं असणार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मी त्याला जवळ बोलावलं. पाठमोरा उभा केला आणि हळू आवाजात पाच शब्द म्हणायला सांगितले. दोन आले. समोरून, माझ्या ओठांकडे बघत, पाचही आले. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि कान दाखवून यायला सांगितलं. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. लहान मुलांमध्ये हे पुष्कळदा होतं, सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांना जास्त, आणि दुखत नसल्यामुळे मूल सांगत नाही. उपचाराने त्याचे कान बरे झाले. वहीतले ते तीन शेरे मात्र तसेच राहिले. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे मॅडम." त्याला बहुतेक कळलंही नसेल कशाबद्दल.

म्हणून काही साध्या गोष्टी, ज्या मी तेव्हापासून करते. जून महिन्यात प्रत्येक मुलाला पाठमोरा उभा करून हळू आवाजात शब्द सांगते. ही वैद्यकीय तपासणी नव्हे, फक्त कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते कळतं. फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. आधी लिहिते, मग वळून बोलते. "काय?" म्हणणाऱ्या मुलावर आवाज चढवत नाही, त्याच्या समोर जाऊन तेच वाक्य सावकाश म्हणते. श्रुतलेखनातल्या चुका नुसत्या मोजत नाही, कोणती अक्षरं चुकली ते बघते. शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासायला येतात, त्यात कानही येतात. पथक येईल त्या दिवशी आपल्या मनात शंका असलेल्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवा, आणि डॉक्टरांना स्वतः सांगा.

पालकांना एकच विनंती. घरातलं कोणी, मूल असो की आजोबा, 'लक्ष देत नाही' असं वाटलं, तर रागावण्याआधी एकदा विचारा, तुला नक्की काय काय ऐकू येतं? 'ऐकू येतं का' असं नका विचारू. त्याचं उत्तर सगळे 'हो' असंच देतात.

बाबांचं काय झालं? तपासणी झाली, आलेख काढला. खालच्या आवाजांची रेघ सरळ आणि उंच आवाजांकडे उतार, डोंगरावरून घसरल्यासारखी. यंत्र घेतलं. पहिले काही दिवस त्यांनी शिव्याच घातल्या. टाळ म्हणे ताटं आपटल्यासारखे वाजतात. अजूनही ते यंत्र अर्धा वेळ खिशात असतं.

पण भजनाला जातात. त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली, तीही त्या संध्याकाळचीच. एनसीपीएमधून बाहेर पडताना ते म्हणाले होते, "ते लोक नुसतं ऐकून वाजवत नाहीत गं. सारखे त्या काठीवाल्याकडे बघतात." आता बाबा रांगेत पूर्वीच्या जागी उभे राहत नाहीत. मृदुंगवाल्याच्या अगदी समोर उभे राहतात आणि त्याच्या हातावरची नजर काढत नाहीत. गेल्या एकादशीला मी गेले होते. एकदाही चुकले नाहीत.